तिसऱ्यांदा विचारायच्या आत

आर्विड थॉर्सगार्डची बायको रोज संध्याकाळी सातच्या सुमारास गोठायची.

मिनेसोटात, त्यातून जानेवारीत, कोणी गोठलं तर त्याची कोणी बातमी करत नाही. पण मार्लिस होती तिकडे ॲरिझोनात, बहिणीच्या ओसरीवर, पातळ सुती झग्यात, पाठीमागे संत्री लागलेलं झाड. ती गोठायची ती आर्विडच्या टॅबलेटच्या पडद्यावर. कधी तोंड उघडं राहिलेलं, कधी एक डोळा मिटलेला, एकदा तर नाक पुसताना. मग त्या नाकावर ते गोल चक्र फिरायला लागायचं आणि आर्विड त्याला म्हणायचा, "चालू दे, चालू दे, घाई नाही." स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून हा माणूस चक्राशीसुद्धा नमतं घेऊन बोलायचा.

झालं होतं असं, की मार्लिसची थोरली बहीण ऑड्री ऑक्टोबरात न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मार्लिस तीन आठवड्यांसाठी म्हणून गेली. हाड जुळलं, ऑड्री चालायला लागली, तिने काठी टाकली, रोज जेवण उरकून क्लबात पत्ते कुटायला जायला लागली, आणि मार्लिस आपली तिथेच. त्यात ऑड्रीच्या भिंतीला लागून असलेलं घर रिकामं होत होतं. ऑड्रीने धोशा लावला होता की ते तू घे, आर्विड येईल मागाहून, नाही आला तर उन्हाळ्यात जात जा भेटायला. जानेवारी संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. आणि आर्विडला बायको घरी हवी होती. बस, एवढंच. भांडी घासायला नको, स्वयंपाकाला नको, त्याचं तो करत होता. घरात तिची चाहूल हवी होती.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना तिला तसं. हे तुम्ही म्हणू शकता, कारण तुम्ही मिनेसोटातल्या तळ्याकाठी जन्मलेले नाही. तिथल्या माणसांची एक रीत आहे. कोणी काही देऊ केलं, तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, जरा मऊ आवाजात. तिसऱ्यांदा विचारलं, की "बरं, तुम्हाला त्रास होणार नसेल तर," असं म्हणून घ्यायचं. पहिल्यांदाच हो म्हणणारा अधाशी. आणि आपण होऊन मागणारा, त्याच्याबद्दल तर बोलतच नाहीत. आर्विडने मार्लिसला लग्नाचं विचारलं तेही तीनदा. तिने दोनदा नको म्हटलं, तेव्हा कोणाला काळजी वाटली नव्हती. तिच्या आईने तर दुसऱ्या नकारालाच केकचं सामान आणून ठेवलं होतं.

मार्लिसही रीतीतलीच. ती रोज बोलण्याच्या ओघात विचारायची, "येऊ का मग मी परत?" आर्विड म्हणायचा, "छे, ऑड्रीचं बघ आधी." थोड्या वेळाने ती म्हणायची, "नाही, यायचं म्हटलं तर येईन मी." आर्विड म्हणायचा, "माझं छान चाललंय गं." आता तिसरा प्रश्न येणार, आता आपण 'बरं, ये मग' म्हणणार, म्हणून आर्विड खुर्चीत जरा पुढे सरकायचा, आणि नेमकी तिथे मार्लिस गोठायची. चक्र फिरून ती परत हलायला लागेपर्यंत ऑड्री पत्ते संपवून घरात आलेली असायची. आणि ऑड्रीसमोर असले नाजूक विषय काढायचे नसतात. मग दोघं हवामानावर बोलायची.

साधा फोन का नाही केला? त्याचंही ऐका. थॉर्सगार्डांचं घर तळ्याच्या खोलगट भागात, तिथे मोबाईलला रेंज नाही. जुना तारेचा फोन होता, अगदी खणखणीत. तो आर्विडने स्वतःच्या हाताने काढून टाकला. शेजारचा डेलबर्ट म्हणाला होता, "अरे, आता घरातून बोलायचं सगळं इंटरनेटवरून. तारेवर कोण बोलतं?" त्यामुळे बोलायचं तर इंटरनेटवरून, आणि सकाळी ते असं धावायचं की काय सांगावं. पण सकाळी बोलणार काय, ऑड्री मांडीला मांडी लावून बसलेली. ती पत्त्यांना जाणार संध्याकाळी, आणि संध्याकाळ झाली की इंटरनेटचा जीव जायचा.

आर्विडने मनावर घेतलं. चाळीस वर्षं लोण्याच्या कारखान्यात त्याने यंत्रं चालवली होती. कुठे अडकलंय हे शोधायचं, ते मोकळं करायचं, झालं, यात अवघड काय, असा त्याचा हिशोब. त्याने डेलबर्टला विचारलं. ही पहिली चूक.

डेलबर्टने राउटरला हात लावून पाहिला आणि डॉक्टरसारखा चेहरा केला. "तापलाय," तो म्हणाला. "दिवसभर काम करून दमतं बिचारं. गार जागी ठेव." गार जागेचा मिनेसोटात काय तुटवडा! राउटर मागच्या पडवीत गेला, गमबूट आणि मासे पकडायच्या गळांच्या शेजारी. त्या संध्याकाळी मार्लिस गोठायच्या आधीच राउटर गोठला. त्याचे दिवे एकेक करून मालवले. दुसऱ्या दिवशी त्याला आत आणून स्वयंपाकघरात शेगडीपासून हातभर अंतरावर, टॉवेलात गुंडाळून ठेवावं लागलं. दुपारी त्याने डोळे उघडले. आर्विडने त्याबद्दल डेलबर्टला शब्दाने दुखावलं नाही. "जरा निराळंच झालं," एवढं म्हणाला. 'निराळं' हा तिथला फार कडक शब्द आहे. डेलबर्ट दोन दिवस फिरकला नाही.

मग पलीकडची लव्हॉन आली, बटाटे-खिम्याचं हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेलं पातेलंभर जेवण, घेऊन. बायको गावाला गेलेल्या माणसाकडे हॉटडिश घेऊनच यायचं असतं. आर्विडच्या फ्रीजमध्ये अशी चार पातेली आधीच होती आणि ती कोणाची कुठली हे तो विसरला होता. लव्हॉनचं म्हणणं पडलं की राउटर उंचावर हवा. तिच्या भाच्याने तसं केलं आणि त्याचा संसार सुधारला. राउटर फ्रीजवर गेला. मग कपाटावर गेला. मग मार्लिसच्या आईच्या तसबिरीमागे गेला, तेव्हा आर्विडला जरा बरं वाटलं, कारण सासूबाईंनी हयातीत कुणाचं काही अडू दिलं नव्हतं. सातला मार्लिस आली, म्हणाली, "आईची तसबीर वाकडी का आहे?" आणि गोठली.

शेवटी आर्विडने केबल कंपनीला फोन लावला. फोन अर्थातच इंटरनेटवरून, इंटरनेट बंद असल्याचं सांगायला. म्हणून तो सकाळी लावावा लागला. पलीकडच्या बाईने त्याच्या घराकडे कुठूनशी नजर टाकली आणि म्हणाली, "आम्हाला तर अगदी छान दिसतंय, सर." आर्विड म्हणाला, "हो, आत्ता छानच आहे." ती म्हणाली, "मग अडचण काय आहे?" आर्विड म्हणाला, "अडचण अशी काही म्हणता येणार नाही." मग पुस्ती जोडली, "संध्याकाळी जरा हळू होतं. म्हणजे, असतं एकेकाचं." बाईने विचारलं, "माणूस पाठवू का?" आर्विड म्हणाला, "छे हो, कशाला त्याला एवढ्या लांब." बाईने तक्रार बंद केली. तिसऱ्यांदा विचारणं लांबच, तिने दुसऱ्यांदाही विचारलं नाही. आर्विड फोन कानाला लावून वाट बघत राहिला.

असे तीन-चार फोन झाले, आणि एका बाईच्या तोंडून चुकून दुसरा प्रश्न निघाला, आणि पुढच्या बाईच्या तोंडून बहुधा तिसरा, आणि एके दुपारी कंपनीची गाडी दारात उभी राहिली. माणसाचं नाव रूबेन. मूळचा टेक्सासचा, बायकोच्या नोकरीपायी या बर्फात आलेला, दोन कोट एकावर एक घातलेले. आर्विडने दार उघडलं आणि रीतीप्रमाणे म्हणाला, "कॉफी घेणार?"

"हो, चालेल की," रूबेन म्हणाला.

आर्विड जागच्या जागी थिजला. कॉफी केलेलीच नव्हती. कोण करतो? पहिला प्रश्न नुसता तोंडदेखला असतो, दुसऱ्याला पाणी चढवायचं, तिसऱ्याला कप पुढे करायचा. इथे पहिल्याच दमात हो. त्याने धावपळ करून कॉफी केली, निम्मी सांडली, आणि रूबेन ती पीत घरभर फिरला, तारा तपासल्या, यंत्र लावलं, काढलं. मग खिडकीतून बाहेर बोट दाखवून म्हणाला, "घरात सगळं ठीक आहे. मला वाटतं, त्या खांबावरच्या डब्यात भानगड आहे. संध्याकाळी सगळी आळी एकदम जोडली जाते, तेव्हा तो ताण घेत नसणार. चढून बघू का?"

बाहेर शून्याखाली वीस. वारा असा की कुत्रीसुद्धा बाहेर जायला नको म्हणत होती. पण आर्विडच्या मनात काय चाललं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. चढ बाबा, चढ, तुझ्या पायावर डोकं ठेवतो, चढ.

"छे छे," आर्विड म्हणाला. "एवढ्या थंडीत कुठे चढता."

"खरंच? चढलो असतो."

"नको हो. चाललंय आपलं."

आणि आर्विड थांबला. त्याने ओठसुद्धा जुळवून ठेवले होते, 'बरं, तुम्हाला त्रास नसेल तर' म्हणायला. रूबेनने कप ठेवला, "ठीक आहे मग," म्हणाला, हातमोजे चढवले आणि गाडीत बसून गेला. टेक्सासात नको म्हणजे नको असतं. आर्विड दारात उभा राहून त्या खांबाकडे बघत राहिला. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण तासाभरात कंपनीचा संदेश आला, आमच्या माणसाची सेवा कशी वाटली, एक ते दहात गुण द्या. आता दहापेक्षा कमी द्यायचे म्हणजे त्या संसारी माणसाच्या पोटावर पाय. आर्विडने दहा दिले. वर 'कॉफीबद्दल क्षमस्व' असंही लिहिलं. कंपनीने लगेच कळवलं, आपले पूर्ण समाधान झाल्याबद्दल आनंद वाटतो, आपली तक्रार कायमची निकालात काढण्यात आली आहे.

"दहा दिलेस?" डेलबर्टने विचारलं. तो आता परत यायला लागला होता.

"मग काय नऊ देऊ?"

"नाही, बरोबर आहे," डेलबर्ट म्हणाला. "मी असतो तर मीही दहाच दिले असते." आणि दोघं बराच वेळ खिडकीतून खांब बघत बसले.

पुन्हा कंपनीला फोन केला, तर या वेळची बाई म्हणाली, तुम्ही तर पूर्ण समाधानी आहात, सर. आता एकच मार्ग. आळीतल्या बऱ्याच घरांनी संध्याकाळचा वेग मोजून आकडे पाठवले, तर वरच्या साहेबांपुढे ठेवता येईल. हे ऐकून आर्विडला चार महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली. त्याने लव्हॉनच्या स्वयंपाकघरात बैठक भरवली. आळी सगळी आली, तीही आणखी हॉटडिशं घेऊन. ठरलं असं, की रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला प्रत्येक घराने वेग मोजायचा. सगळ्यांनी एकाच वेळी, म्हणजे कंपनीला पळवाट नको. टाळ्यासुद्धा वाजल्या, हळू.

वेग मोजणं म्हणजे काय असतं हे त्या बैठकीत कोणालाच ठाऊक नव्हतं. वेग मोजणारं यंत्र तुमचा इंटरनेटचा नळ पूर्ण सोडतं आणि किती पाणी येतंय ते बघतं. सातच्या ठोक्याला आळीतल्या एकूण एक घराने नळ पूर्ण सोडला. आधी मार्लिस निदान पाच-दहा मिनिटं बोलून गोठायची. आता ती यायचीच नाही. पडदा काळा, मध्ये चक्र. आणि आळीतली मंडळी आकडे बघून हळहळायची, "अरेरे, आज तर कालच्यापेक्षा वाईट," आणि खात्री करून घ्यायला परत मोजायची.

डेलबर्टला ते आधी कळलं. चारेक दिवस तो मनात धरून बसला. मग एकदा आर्विडबरोबर वाटेतला बर्फ उपसताना म्हणाला, "हे मोजायचं जे आपण करतो ना. ते जरा निराळं आहे."

आर्विडचं फावडं थांबलं. "किती निराळं?"

"बरंच."

आर्विडला उमगलं. उमगलं तरी करणार काय? लोकांना जाऊन सांगायचं की तुमच्या मदतीने माझं वाटोळं झालं? त्यांनी उपकार म्हणून केलेलं. लव्हॉन तर आकडे रंगीत पेन्सिलीने लिहीत होती. आर्विड त्यांना थांबवायला म्हणून दोन घरी गेला, आणि दोन्ही घरांतून आभार मानून, पातेली घेऊन परत आला. शेवटी डेलबर्टनेच अफवा सोडली की फार मोजलं तर वीज जास्त लागते. तेव्हा कुठे मोजणं थांबलं, साहेबांपुढे जायचे आकडे लव्हॉनच्या वहीतच राहिले, आणि मार्लिस परत पडद्यावर आली, बोलायला आणि गोठायला.

तोवर जानेवारी संपत आला होता. शनिवारी संध्याकाळी मार्लिस नेहमीपेक्षा नीट केस विंचरून बसली होती. उन्हाने रापली होती. आर्विडला ती फार छान दिसली.

"उद्या रात्रीपर्यंत ऑड्रीला सांगायचंय," ती म्हणाली. "त्या घराचं."

"हो का," आर्विड म्हणाला.

"येऊ का मी परत?"

"छे, ऑड्रीला एकटं कसं सोडणार."

"ऑड्री नाचायला जाते रे हल्ली. खरंच विचारतेय. येऊ?"

"माझं काही अडत नाही, मार्लिस," आर्विड मान हलवत म्हणाला, अगदी मऊ आवाजात, जसं दुसऱ्यांदा म्हणायचं असतं तसं. आणि तो खुर्चीत पुढे सरकला.

मार्लिसने श्वास घेतला. तिचे ओठ उघडले. आणि ते तसेच राहिले.

"हो," आर्विड म्हणाला. चक्र फिरत होतं. "हो, ये. ऐकू येतंय का? ये म्हणतोय." तो टॅबलेट उचलून खिडकीशी गेला, मग जिन्यात गेला, मग सासूबाईंच्या तसबिरीपुढे धरून उभा राहिला. पडदा काळा झाला. परत लागला तेव्हा तिथे ऑड्री होती, हातात पत्त्यांत जिंकलेला डबा. म्हणाली, "मार्लिस आंघोळीला गेली. थंडी काय म्हणते तिकडे?" आर्विड म्हणाला, "चाललंय."

रविवार त्याने कसा काढला ते विचारू नका. चर्चमध्ये तो चुकीच्या पानावरचं भजन म्हणाला. संध्याकाळी सातला टॅबलेट समोर घेऊन बसला, आणि तो काळाच. आळीत बहुतेक घरी फुटबॉलचा सामना लागला होता, इंटरनेटवरून. आर्विड त्या चक्राकडे बघत होता आणि त्याला दिसत होतं, की पुढची सगळी वर्षं हे असंच जाणार. हे चक्र, ही पातेली, आणि महिन्यातून एकदा ऑड्रीशी थंडीवर गप्पा.

त्याने कोट घातला, टोपी घातली आणि गाडी काढली. हमरस्त्यावरच्या चढावर पेट्रोल पंप आहे, तिथे मोबाईलला रेंज येते. हे त्याला ऑक्टोबरापासून ठाऊक होतं. गेला का नाही मग? कारण रस्त्यात गाडी थांबवून, भर थंडीत बायकोला फोन करायचा, म्हणजे काहीतरी हवंय असं दिसलं असतं.

पंपाच्या आवारात, बर्फाच्या ढिगाशेजारी, त्याने गाडीबाहेर उभं राहून फोन लावला. आत रेंजची एक काडी कमी दिसत होती म्हणून बाहेर. पहिल्याच घंटीला मार्लिस.

"आर्विड? केवढा स्पष्ट येतोय तुझा आवाज."

"चढावर आलोय."

"या थंडीत? बरा आहेस ना?"

"काल तुझं काहीतरी राहून गेलं," आर्विड म्हणाला. "बोलता बोलता."

"राहिलं नाही," ती म्हणाली. "मी विचारलं तिसऱ्यांदा. तुझी मान हलत होती, नाही नाही अशी, आणि तशीच थांबली. किती वेळ मी बघत होते. म्हटलं, बरं. तीनदा विचारून झालं. याचं खरंच छान चाललंय."

आर्विडच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पापण्यांवरच कडक झालं. तिने चौथ्यांदा विचारावं असं तो म्हणू शकत नव्हता. चौथ्यांदा विचारायची पद्धतच नाही, ती भीक होते. मग आता विचारायचं ते त्यानेच.

"यायचं असेल तर ये ना," तो म्हणाला.

"नको रे. आता ऑड्रीला काय सांगू? आत्ता येईलच ती, तिला हो म्हणणार आहे मी."

पहिला नकार, आर्विड मनात म्हणाला. "तरी पण. ये."

"नको," मार्लिस म्हणाली, पण आवाज मऊ होता. "तुला सवय झाली असेल एकट्याची."

दुसरा. आर्विडने छाती भरून श्वास घेतला, जगातल्या सगळ्या थंडीसकट, आणि तोंड उघडलं, आणि फोन बंद पडला. थंडीने. आत्ता निम्मी भरलेली बॅटरी, आत्ता काळा पडदा. चक्रसुद्धा नाही.

काही क्षण तो त्या काळ्या पडद्यात स्वतःचं तोंड बघत राहिला. मग पंपाच्या दुकानात शिरला. गल्ल्यावर डोरीन नावाची पन्नाशीची बाई होती, नुकतीच न्यू जर्सीहून आलेली. आळीत तिच्याबद्दल मत बरं नव्हतं, कारण ती विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते.

"काय थंडी पडलीय," आर्विड म्हणाला.

"हं. काय हवंय?"

"नाही, म्हटलं, तुमच्याकडे फोन वगैरे असेल. म्हणजे असतोच म्हणा हल्ली सगळ्यांकडे."

"अहो, काय हवंय ते सांगा ना सरळ."

आर्विडने गल्ल्याची कड दोन्ही हातांनी धरली. "तुमचा फोन हवाय," तो म्हणाला. "बायकोला लावायचाय."

"घ्या," डोरीन म्हणाली, आणि चार्जरला लावलेला फोन तारेसकट त्याच्याकडे सरकवला. एवढंच. आर्विडला खरंच वाटेना की हे एवढंच असतं.

नंबर त्याला पाठ होता. तारेचा फोन काढला तेव्हा घरचा जुना नंबर मार्लिसने स्वतःच्या मोबाईलवर घेतला होता. घंटी वाजत राहिली. अनोळखी नंबर मार्लिस कधी उचलत नाही, त्यानेच तिला तसं शिकवलं होतं. शेवटी तिचा ध्वनिमुद्रित आवाज आला, घरच्या स्वयंपाकघरात कधीतरी बोलून ठेवलेला. "मी मार्लिस, निरोप ठेवा," आणि मागे लांबून आर्विडचाच आवाज, "मार्लिस, अगं याचं झाकण कुठंय?"

शिट्टी वाजली.

"मार्लिस, मी आर्विड," तो म्हणाला. "हे तिसरं. घरी ये. मला तू इथे हवी आहेस. माझं छान चाललेलं नाही, अजिबात नाही. म्हणजे, तुला तिकडे बरं वाटत असेल तर..." आणि इथे त्याने स्वतःचं बोट स्वतःच धरल्यासारखं त्या लाल बटणावर दाबलं.

फोन ठेवून तो उभा राहिला. डोरीन त्याच्याकडे बघत होती.

"कॉफी देऊ?" ती म्हणाली.

"द्या," आर्विड म्हणाला.

तिने कप भरून दिला. तिला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. कप संपत आला असेल, फोन वाजला. डोरीनने नंबर बघितला, म्हणाली, "तुमचाच दिसतोय," आणि पुढे केला.

"ऐकलं," मार्लिस म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "दोनदा ऐकलं. ऑड्री आलीय, तिला सांगितलं आत्ता. चिडलीय ती, चिडू दे." मग नाक ओढल्याचा आवाज. "मंगळवारच्या विमानाने निघते. पण तू विमानतळावर यायचं नाहीस हां. रस्ते किती खराब असतात. मी बसने येईन."

"छे, मी येतो की घ्यायला," आर्विड म्हणाला.

"नको रे, उगाच तुला त्रास."

डोरीनने फोनसाठी हात पुढे केला होता. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

"एकच मिनिट," आर्विड तिला म्हणाला. "अजून एकदा विचारायचं राहिलंय."